नावगाव: ‘जिरेना’ नव्हे, यिर्झिना

माणसांची, झाडांची, वाड्यांची, होड्यांची, कशाचीही नावं कुठून आली ते वाचकांनी विचारायचं आणि मला ठाऊक असेल तेवढं मी सांगायचं, असं हे सदर. या वेळी निवडलेली तीनही पत्रं फिरून एकाच देशाशी येऊन थांबतात. त्या चेक देशात माझ्या दोन फेऱ्या झाल्या आहेत: एक लेकीच्या बाळंतपणाला, दुसरी नात चालायला लागल्यावर. त्यामुळे उत्तर पाल्हाळिक झालं तर संपादकांनी कात्री लावावी. (लावत नाहीत, हे मला माहीत आहे.)

पत्र पहिलं

ताई, आम्ही गुहागर तालुक्यातले. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, प्राग शहरात नोकरीला आहे. त्याचं लग्न तिथल्याच मुलीशी ठरलंय. वैशाखात इथे, माझ्या माहेरच्या अंगणात मांडव घालून कार्य करायचं आहे. पत्रिकेसाठी मुलीचं नाव इंग्रजी अक्षरांत आलं, ते आम्ही ‘जिरीना’ असं वाचलं. घरातल्या पोरांनी लगेच ‘पचेना, जिरेना’ सुरू केलं आणि वहिनी रडकुंडीला आली. तिच्या जावेनं मोबाईलवर अर्थ शोधला, तर ‘शेतकरीण’ निघाला. भाचा म्हणतो, छे, ते डेलियाचं फूल. खरं काय? शिवाय भटजींनी विचारलंय, लक्ष्मीपूजनाला तांदळात नाव काय लिहायचं? भावाच्या मनात ‘शेवंती’ आहे, फुलाला फूल म्हणून. मुलीला यातलं अजून कुणी काही बोललेलं नाही. आणि हे नाव ख्रिस्ती संताचं आहे का, तेही कळवा, कारण आमच्या एका काकांना त्याची फार काळजी लागून राहिली आहे.
– एक आत्या, गुहागर

उत्तर

आत्याबाई, पत्रिका छापखान्यात गेली असेल तर आधी फोन करून थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या भाचेसुनेचं नाव आहे यिर्झिना. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरांचे आवाज त्यांचे स्वतःचे. शाळेत आपण ज्याला ‘जे’ म्हणायला शिकलो, ते अक्षर तिथे ‘य’ होतं. म्हणून सुरुवात ‘यि’. पुढच्या ‘र’च्या डोक्यावर एक बारीकशी आकडी असते. आपला रफार दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, ही आकडी ‘र’च्याच डोक्यावर बसते, एवढाच फरक. फोनवर टाइप करताना ती हमखास गळते, आणि आकडी गळाली की गुहागरला पोचेपर्यंत नावाची ‘जिरीना’ होते.

आकडीवाला ‘र’ म्हणायचा कसा? जीभ ‘र’साठी थरथरत ठेवायची आणि ती थरथरत असतानाच दातांच्या फटीतून ‘झ’ सोडायचा. आधी ‘र’ मग ‘झ’ असं नाही, दोन्ही एकदम. आणि हा ‘झ’ झाडातला नव्हे, झेंड्यातलाही नव्हे. ‘श’ म्हणता म्हणता घशात आवाज भरला की निघतो, तो. मी महिनाभर आंघोळ करताना सराव केला. लेक बाहेरून विचारायची, “आई, गीझर बिघडलाय का गं?” तुम्हाला नाही जमलं तर सरळ ‘यिर्झिना’ म्हणा, ती समजून घेईल. तिथल्या पोरांनाही हा आवाज सगळ्यात उशिरा येतो, कित्येकांना त्यासाठी उच्चार शिकवणाऱ्यांकडे पाठवावं लागतं. त्यांचे माजी राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांचा तर साधा ‘र’सुद्धा आयुष्यभर घशातून यायचा आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. जोर मात्र पहिल्या अक्षरावर द्या. ‘यिर्झीऽना’ अशी मधेच ताणू नका.

आता अर्थ. तुमच्या घरातले दोघेही बरोबर आहेत, जाऊबाईही आणि भाचाही. तिढा सुटतो तो असा.

ग्रीक भाषेत ‘गे’ म्हणजे जमीन आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. जमिनीत राबणारा तो गेओर्गोस, आपल्याकडचा कुळवाडी म्हणा. त्यावरून नाव झालं गेओर्गिओस. इंग्रजांनी त्याचा जॉर्ज केला, जर्मनांनी गेओर्ग, आणि चेक लोकांनी झिजवून झिजवून यिर्झी. यिर्झी हे तिकडचं फार जुनं पुरुषी नाव. प्रागच्या किल्ल्यात संत यिर्झीचं देऊळ आहे, त्याचा पाया सन ९२०च्या सुमाराचा. पंधराव्या शतकात पोद्येब्रादीचा यिर्झी नावाचा त्यांचा राजाही होऊन गेला. या यिर्झीचं बाईमाणसाचं रूप म्हणजे यिर्झिना. जाऊबाईंना मोबाईलवर जी शेतकरीण भेटली, ती ही.

फुलाची वाट वेगळी आहे आणि जास्त गमतीची आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या थंड डोंगराळ भागातला. १७८९ साली तो स्पेनमध्ये माद्रिदच्या राजोद्यानात पोचला. तिथल्या कावानिल्येस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७९१ साली त्याला नाव दिलं ‘डालिया’, स्वीडनच्या आन्डर्स डाल यांच्या स्मरणार्थ. डाल हे लिनियस या थोर वनस्पतीशास्त्रज्ञाचे शिष्य. ते १७८९ मध्येच वारले होते. पुढे बर्लिनच्या विल्डेनो यांना वाटलं, डालिया हे नाव तर आधीच दुसऱ्या एका झाडाला दिलेलं आहे, तेव्हा हे बदललं पाहिजे. त्यांनी एकोणिसावं शतक उजाडता उजाडता फुलाचं नाव केलं ‘गेओर्गिना’. कुणावरून, तर योहान गोटलीब गेओर्गी या रशियात राहून बैकल सरोवरापर्यंत भटकलेल्या अभ्यासकावरून. म्हणजे मेक्सिकोतल्या फुलाला एकदा स्वीडनचा मेलेला माणूस चिकटला आणि एकदा रशियात राहणारा जर्मन. दोघांनी मिळून या फुलासाठी काडी हलवली नव्हती. आपल्याकडे रस्त्यांना नावं देतात, तसंच.

शास्त्राच्या पुस्तकात शेवटी ‘डालिया’च टिकलं. विल्डेनोंनीही आपली चूक मागे घेतली. पण तोवर नर्सरीवाल्यांच्या, बागाइतदारांच्या तोंडी दुसरं नाव बसलं होतं. जर्मनीत गेओर्गिने, रशियात गिओर्गिन. आणि चेक लोकांनी विचार केला, गेओर्ग म्हणजे आपला यिर्झी, मग गेओर्गिना म्हणजे आपली यिर्झिना! फुलाचं नाव आणि मुलीचं नाव अक्षर न् अक्षर एक झालं. तेव्हापासून त्या देशात यिर्झिना म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे नांगर येत नाही. शरदातला डेलिया येतो, ताटलीएवढा, पाकळ्यांच्या नळ्या नळ्या वळलेला. व्युत्पत्ती कोशात राहते, माणसं ऐकू येतं त्यावर जगतात. आपल्या सुरंगीला हाक मारताना कुणी शब्दकोश उघडतं का?

या फुलाला तिकडे जो मान आहे, त्याला आणखी एक कारण आहे. १८३०च्या दशकात डेलियाचं वेड युरोपभर होतं, तसं बोहेमियातही. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. राज्य ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचं. कचेरीत आणि शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यात जर्मन, आणि चेक बोलायची ती स्वयंपाकघरात, गोठ्यात. अशा दिवसांत चेस्का स्कालित्से नावाच्या लहानशा गावात १८३७ साली डेलियाचा उत्सव भरला. फुलं मांडायची, नाच करायचा, आणि चारचौघांत चेक बोलायला लाजायचं नाही. आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी पुढे गणपती सार्वजनिक मांडवात आणून जे साधलं, त्याची ही फुलांमधली थोरली बहीण म्हणायला हरकत नाही.

त्या उत्सवात डेलियाची राणी म्हणून निवडली गेली एका घोडागाडी हाकणाऱ्याची मुलगी, बार्बोरा पांक्लोवा, वय वर्षं १७. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचं लग्न लावून दिलं, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी. संसार काही सुखाचा झाला नाही. पण हीच मुलगी पुढे बोझेना न्येम्त्सोवा या नावानं लिहू लागली आणि १८५५ साली तिनं ‘बाबिच्का’, म्हणजे ‘आजी’, हे पुस्तक लिहिलं, जे चेक घराघरांत असतं. त्यांच्या पाचशे कोरुनांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. लेकीनं मला दुधाला पाठवलं की मी ती नोट मोडायला कां कू करायचे, एवढी देखणी बाई. आणि स्मेताना हे त्यांचे मोठे संगीतकार, त्यांनी १६ वर्षांचे असताना, १८४० साली, जी पोल्का, म्हणजे जोडीनं करायच्या नाचाची धून, रचली तिचं नावच ‘यिर्झिंकोवा पोल्का’, डेलियाची पोल्का.

‘यिर्झिंका’ हे लाडकं रूप. पोरांना ‘जिरेना’ बंद करायला लावा आणि हे शिकवा.

हे सगळं मला कळलं ते ब्र्नो शहरात लेकीच्या शेजारच्या बाईंमुळे. त्यांचंही नाव यिर्झिना. वयानं माझ्याहून मोठ्या. हे नाव आता तिकडे आज्यांचंच झालंय, आपल्या शेवंता-चंपासारखं. त्यामुळे तुमच्या तरुण सुनेला ते कुणा आजीवरून मिळालं असेल, तर विचारा तिला; पहिल्याच भेटीत बोलायला विषय होईल. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ‘चाय’ हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच निघाला, तेवढ्यावर अडीच महिने निघाले. त्यांच्यामुळे एक गोष्ट कळली, जी तुम्हा घरच्यांना आवडेल: चेक भाषेत संबोधन विभक्ती जिवंत आहे. आपण शाळेत ‘प्रथमा, द्वितीया’ करत आठवी म्हणून घोकायचो, त्यांच्याकडे एकूण सात आणि त्यात ही पाचवी. नाव यिर्झिना, पण हाक मारताना ‘यिर्झिनो!’ आणि लाडानं ‘यिर्झिंको!’ आपण नाही का शांताला ‘शांते’ म्हणत? तेव्हा ओटीवरून हाक मारायची तर ‘यिर्झिनो’ अशी मारा. परक्या घरात आपली हाक बरोबर विभक्तीत ऐकू आली, तर त्या मुलीला काय वाटेल ते मी ब्र्नोत उलट्या बाजूनं अनुभवलंय. त्या बाई मला शेवटच्या आठवड्यात, कुठून शिकल्या कुणास ठाऊक, “आजी, या” म्हणाल्या होत्या.

१५ फेब्रुवारी ही तारीख कालनिर्णयवर खूण करून ठेवा. तिकडच्या दिनदर्शिकेत आपल्या तिथीच्या जागी रोज एकेक नाव असतं, आणि ज्याचं नाव त्याचा तो सण. १५ फेब्रुवारी यिर्झिनाची. फुलं द्यायची, फार तर केक. दुसऱ्या फेरीत मी नेमकी त्या दिवशी तिथे होते. फुलवालीनं कार्नेशनची पाच फुलं बांधली. मला पाच म्हणजे कंजुषी वाटली, मी बोटानं खूण करून आणखी एक घातलं. लिफ्टमध्ये लेकीनं मोजली आणि एक उपसून आपल्या पर्समध्ये कोंबलं. सम संख्येत फुलं तिकडे मयताला नेतात. अकरा, एकवीस, एक्कावन्नच्या देशातली मी, आणि मलाच हे सुचू नये!

काकांच्या काळजीचं काय करायचं? होय, यिर्झी हा संत आहे, तोच घोड्यावरून राक्षसी सर्प मारणारा संत जॉर्ज. त्याचा दिवस तिकडे २४ एप्रिलला पाळतात. पण आज चेक देशातले बहुतेक लोक स्वतःला कुठल्याच धर्माचे म्हणवत नाहीत. नाव राहिलं, संत मागे पडला. एवढ्यावर काकांचं समाधान झालं नाही, तर त्यांना विचारा की कोकण रेल्वेच्या कामाला गती दिली, ते रेल्वेमंत्री कोण होते? जॉर्ज फर्नांडिस. चेकमध्ये त्यांचं नाव यिर्झी झालं असतं. काका कोकणकन्येनं मुंबईला जातात ना?

राहिले तांदूळ.

तुमच्या भावाची निवड तशी अडाणीपणाची नाही. शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि डेलिया ही सगळी एकाच कुळातली. सोयरीक जुळते. पण आत्याबाई, तुम्ही विचारलंत म्हणून माझं सांगते. माझं माहेरचं नाव बकुळा. आमच्या घरामागे बकुळीचं झाड होतं, त्यावरून आजीनं ठेवलेलं. लग्नात मला कुणी विचारलं नाही. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं तीन अक्षरं ओढली, पेढे वाटले आणि मी सरिता झाले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते तांदूळ निवडून भाताला लावले. चांगला जुना कोलम होता. वाया का घालवायचा? त्या भाताचा पहिला घास घेताना मला काय वाटलं ते मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज छापून येतंय. सासूबाई मायाळू होत्या, मला काही जाच झाला नाही. पण बँकेत, रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदांवर मी सरिता आहे, आणि बकुळा म्हणून हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय, माझा धाकटा भाऊ.

म्हणून माझं मत विचाराल तर तांदळात ‘यिर्झिना’च लिहा. ‘र्झि’ काढायला जागा लागते, परात मोठी घ्या. मुलीला स्वतःला हौस असेल, तिनंच म्हटलं की मलाही एक मराठी नाव द्या, तर शेवंती जरूर सुचवा. पण तिला आधी कळू दे. आणि हे सांगायचं काम भाच्यावर सोपवू नका, पुरुष अशा गोष्टी ‘तिला सगळं चालतं’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉल लावा.

उखाण्याची सोय मी करून देते. भाच्याकडून पाठ करून घ्या:

हापूसला मोहोर, पौषाचा महिना,
सर्वांच्या साक्षीनं नाव घेतो, बायको माझी यिर्झिना.

वैशाखात मांडव असताना पौष कुठून आला, असं कुणी म्हणेल. यमक जुळतंय, पुढे चला.

पत्र दुसरं

आमचा तारकर्लीला लहानसा होमस्टे आहे. शिमग्याच्या आधी एक चेक पाहुणी राहून गेली. रजिस्टरमध्ये तिनं नाव लिहिलं त्यात ‘उ’च्या डोक्यावर बारीक टिकली होती. आईनं तिच्या केसांत सुरंगीचा वळेसर माळला, तर तिनं नावाकडे बोट दाखवून काहीतरी फुलाचं सांगितलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही सारखंच, त्यामुळे पत्ता लागला नाही. नाव ‘रुझेना’ असं काहीसं होतं. आई तेव्हापासून विचारतेय, “ती टिकली म्हणजे कुकू काय रे?” 
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर

रूझेना, ‘रू’ दीर्घ. सरळसरळ गुलाब. चेक भाषेत ‘रूझे’ म्हणजे गुलाब, त्याची रूझेना. रोझा, रोझाली वगैरे नावांचा तिकडचा अवतार. लाडानं रूझेंका. आपल्या यिर्झिनासारखी यात काही आडवळणं नाहीत. तिचा नावाचा दिवस १३ मार्च, तेव्हा ती पुन्हा आली तर शिमग्याच्या आसपासच येऊ दे, वळेसरही मिळेल.

आईंना सांगा, ती टिकली कुंकवाची नाही, पण तिची गोष्ट कुंकवाइतकीच जुनी आहे. ती टिकली नसून बारीकसं कडं आहे, नीट पाहिलंत तर आत पोकळ दिसेल. शेकडो वर्षांपूर्वी चेक लोक या शब्दात लांब ‘ओ’ म्हणायचे. मग त्याचा ‘उओ’ झाला, आणि हळूहळू नुसता ‘ऊ’ उरला. लिहिताना मात्र जुना ‘ओ’ सोडवेना, म्हणून तो बारीक करून ‘उ’च्या डोक्यावर ठेवला. घर बदललं तरी जुन्या घराच्या उंबऱ्याचं लाकूड नव्या घरात कुठेतरी बसवतात ना, तसं.

आणखी एक. झोपी गेलेल्या राजकन्येची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल, चातीचं टोक टोचून शंभर वर्षं झोपते ती. चेक मुलं तिला ‘शीप्कोवा रूझेंका’ म्हणतात. ‘शीपेक’ म्हणजे रानगुलाबाचं लाल बोंड. राजवाड्याभोवती काटेरी गुलाबाचं कुंपण वाढतं ना, त्याची रूझेंका. जपमाळेला तिकडे ‘रूझेनेत्स’ म्हणतात, त्यातही गुलाबच. तुमच्याकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची रोझरी आणि तुमची पाहुणी एकाच झुडपाच्या.

पत्र तिसरं

हे नावाचं नाही, पण तुम्ही मागे डेलियाचा उल्लेख केला होतात म्हणून विचारतो. गेली तीन वर्षं मी कंद आणून मृगावर लावतो आणि तिन्ही वर्षं ते कुजले. कोकणात डेलिया होतच नाही का?
– एक वाचक, देवगड

उत्तर

होतो. तुम्ही लावता त्या वेळी होत नाही. माझेही पहिल्या वर्षी गेले. श्रावणात उकरून पाहिलं तर हातात नुसता लगदा आला, आणि वास असा की मांजरसुद्धा त्या बाजूला फिरकेना.

ब्र्नोतल्या शेजारीणबाईंची शहराबाहेर लहानशी बाग होती. तिकडे फ्लॅटमध्ये राहणारे लोक असे वाफे घेतात, एका कुंपणात पन्नास-पन्नास जणांचे. ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं आणि रात्रीत डेलियाची पानं काळी पडली, उकडल्यासारखी. त्या मला सोबत घेऊन गेल्या. खोड वीतभर ठेवून कापलं, दातेरी फावडं लांबून, अगदी हातभर अंतरावरून घातलं आणि सगळा झुबका उचलला. रताळ्यांचा घड असतो ना, हुबेहूब तसा. माती झाडली, उलटा करून खोडातलं पाणी निथळू दिलं. मग खिशातून पेन्सिल काढली, ओल्यावर लिहिलं की जांभळी उठते ती, आणि प्रत्येक गड्ड्याच्या सालीवर फुलाचा रंग लिहिला. हे गड्डे इमारतीच्या तळघरात कोरड्या वाळूत झोपतात ते थेट मेपर्यंत. १२, १३ आणि १४ मे या तारखांना तिकडे ‘गोठलेले बाबे’ म्हणतात. पान्क्राट्स, सेर्वाट्स आणि बोनिफाट्स हे तीन संत, त्यांच्या दिवसांत शेवटची थंडी येऊन जाते असा समज. ते गेले की कंद जमिनीत.

त्यांचा वैरी थंडी, आपला वैरी पाऊस. म्हणून त्यांचं वेळापत्रक उलटं धरायचं, एवढंच मी केलं. नवरात्र उठलं, पाऊस सरला की लावायचे. जांभ्याच्या बांधाशी उंच वाफा, निम्मी माती, निम्मी जाडी वाळू. समुद्राची वाळू नको, मिठानं मरतील. खारा वारा थेट लागणार नाही अशी आडोशाची जागा. पौषात कळ्या, माघात फुलं. आकार ब्र्नोतल्यासारखा येत नाही, आपल्या रात्री तेवढ्या गार नसतात. बशीएवढं येतं, त्यावर समाधान माना. चैत्र संपता संपता पाणी तोडायचं, उकरायचे, सावलीत सुकवून कोरड्या वाळूच्या टोपलीत माळ्यावर. मृगाचा पहिला थेंब पडायच्या आत ते घरात हवेत.

आणि बाजारातून कंद घेताना एक पाहा. कोंब कंदाच्या पोटातून फुटत नाही, मानेतून फुटतो, खोडाला जिथे चिकटलेला असतो तिथून. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी तो नुसता कंदच राहणार. विक्रेता हो म्हणेल. तुम्ही मान बघून घ्या.